जगल्या त्या कुणाच्या

माझ्या मांडीवर कुणाचा तरी हात होता. बस अर्धी रिकामी होती, सकाळचं ऊन खिडकीच्या काचेवरून आत घरंगळत होतं, आणि शेजारी बसलेला तो चष्मेवाला, सभ्य दिसणारा गृहस्थ खुशाल माझ्या उजव्या मांडीवर हात टाकून वर्तमानपत्र वाचत होता. वजनदार, कोमट, निर्लज्ज हात. या वयातही हे सुटत नाही म्हणजे कमाल झाली, असं मनात म्हणत मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, हात काढा आधी!" पुढच्या दोन-तीन माना वळल्या. तो माणूस असा दचकला की वर्तमानपत्र फाटलं. "बाई, माझे दोन्ही हात इथं आहेत हो," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्यानं खरोखरच दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. मी खाली पाहिलं. हात माझ्याच बाहीतून बाहेर आला होता. माझंच घड्याळ त्याच्या मनगटावर चालू होतं, नखाजवळ प्रयोगशाळेतल्या शाईचा निळा डाग होता. माझा डावा हात. मी त्याला हल म्हटलं; तो हलला नाही. मग उजव्या हातानं त्याला उचललं, पर्स उचलावी तसं, आणि माझ्या कडेला ठेवलं. "कुणाला फोन करू का?" त्या बिचाऱ्यानं विचारलं. माफी मागायला हवी होती, पण मला भलताच राग आला होता, आणि तो कुणाचा ते ठरत नव्हतं. "नको. माझाच आहे," मी म्हटलं, आणि पुढच्या थांब्यावर उतरले.

थांब्यावरच्या लोखंडी बाकावर बसून राहिले. डोळ्यांच्या कडेला ती ओळखीची करवत सुरू झाली होती, चकचकीत, दातेरी, हळूहळू मधल्या बाजूला सरकणारी. त्या करवतीच्या पलीकडे अर्धं जग नाहीसं होतं. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवरची डावीकडची अक्षरं गेली होती. मुंग्या बोटांतून कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यापर्यंत, मग एकदम ओठाच्या डाव्या कोपऱ्याला. मला हे सगळं पाठ आहे. अर्धं अंग जातं, आणि दुपारपर्यंत, फार तर संध्याकाळपर्यंत, परत येतं. मधल्या वेळात डोकं असं दुखतं की ते दुसऱ्याला देऊन टाकावंसं वाटतं. यात मरत कुणी नाही, निदान आमच्या घरात अजून नाही. पण आजच का? आज दुपारी आमच्या विभागाची बैठक होती, आणि त्या बैठकीत मला आमच्या संशोधनाच्या एका पेपरवर सही करायची होती. पेपर म्हणत होता की माझ्या डाव्या हाताला काहीही झालेलं नाही.

असं शब्दांत नव्हतं लिहिलेलं, अर्थात. पेपर माणसांबद्दल नव्हताच, पंपाबद्दल होता. माझं सगळं आयुष्य या पंपात गेलं. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ, स्निग्ध पापुद्रा असतो, आणि त्यात असे असंख्य पंप रोवलेले असतात. एकेक पंप म्हणजे एक प्रथिन, पापुद्र्यातून दहा वेळा आरपार ओवलेलं, डोकं आतल्या बाजूला. आतून सोडियमचे तीन कण उचलतो, आतलं दार बंद करतो, मग बाहेरचं दार उघडून त्यांना हाकलतो. बाहेरून पोटॅशियमचे दोन घेतो, बाहेरचं दार लावतो, आतलं उघडतो, त्यांना आत घेतो. दोन्ही दारं एकदम कधीच उघडी नाहीत. एवढंच काम, जन्मापासून मरेपर्यंत. आपण नुसते स्वस्थ पडून असतो तेव्हाही खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा हा पंप खातो. लोकांना वाटतं आपण विचार करतो, प्रेम करतो, भांडतो. कसलं काय! सगळा खर्च मीठ बाहेर फेकण्यात. तरुणपणी मी या पंपाचा आकार पहिल्यांदा पडद्यावर फिरवून पाहिला, तेव्हा मला रडू आलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं माझं कुणी गेलं. गेलं नव्हतं, सापडलं होतं. कारण मेंदूत हाच पंप थकला की पोटॅशियम बाहेर साचतं, पेशी आधी भडकतात आणि मग गप्प होतात, आणि ती शांतता मेंदूवरून लाटेसारखी सरकत जाते. डावीकडचं अंग जातं. संध्याकाळी परत येतं. माझ्या आईचं असंच व्हायचं.

आई तेव्हा तरुण असेल, आताच्या माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. स्वयंपाकघराच्या दारात ती भिंतीला टेकून बसलेली, डावा हात जमिनीवर सांडलेला, तोंड वाकडं. आत्या ओट्याशी उभी राहून म्हणायची, "झालं सुरू सोंग. काम दिसलं की हिचं अंग जातं." आणि बाबा, माझे हुशार, कामसू, कुणाचं वाईट न चिंतणारे बाबा, एकदा शिवणाच्या डब्यातून सुई घेऊन आले. खरं-खोटं करायला. त्यांनी आईच्या तळहातात सुई टोचली. एकदा, मग जरा जोरात. लाल थेंब आला. आई हलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. "बघ, ऐकत नाही म्हणजे नाही," बाबा आत्याला म्हणाले, आणि मला अजून कळलेलं नाही की त्या वाक्यात कौतुक होतं की काय होतं. संध्याकाळी आईनं त्याच हातानं भांडी घासली. "आलं ना ठिकाणावर?" आत्या म्हणाली. झालं, निकाल लागला. जे संध्याकाळी परत येतं ते सकाळी गेलेलंच नसतं, असा आमच्या घरचा न्याय. आईला मग नातेवाइकांत नाव पडलं 'नाटक कंपनी'. लग्नाकार्यात लोक हसत विचारायचे, काय म्हणते नाटक कंपनी? आईसुद्धा हसायची. ते हसणं मला अजून छातीत दुखतं, मुंग्यांसारखं नाही, नीट, जाणवेल असं.

आणि आता लेक. ती प्राथमिक शाळेत शिकवते, अजून कायम झालेली नाही. मागच्या तपासणीच्या दिवशी, मोठ्या बाई आणि बाहेरचे दोन अधिकारी मागच्या बाकावर बसलेले असताना, तिच्या हातातून खडू पडला, आणि ती वाकली ती उठलीच नाही. मुलं हसली, त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. संध्याकाळी ठणठणीत. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही पालकसभा होती. मोठ्या बाईंनी तिला बोलावून गोड आवाजात विचारलं, "तुमचं हे दुखणं वेळापत्रक बघून येतं का हो?" आता ताणानं झटका येतो हे मी तिला सांगू शकते, मोठ्या बाईंना कोण सांगणार? मेंदूच्या डॉक्टरांनी आमच्या घरातल्या तिघींचं रक्त घेतलं, जीन वाचला. पंपाच्या जीनमध्ये तिघींनाही एकच बदल, एका अक्षराचा, आधी कुठे कुणात न सापडलेला. डॉक्टर भला माणूस. त्यानं दाखल्यावर लिहिलं, 'या बदलामुळे आजार असण्याचा संशय. संशोधन चालू आहे.' त्या संशयावर लेकीची नोकरी टिकून आहे. संशोधन चालू होतं आमच्याच विभागात. डॉक्टरनं नमुना आमच्या सरांकडे पाठवला होता, नावाशिवाय, नुसत्या नंबरानं. तो नंबर मी. हे विभागात कुणालाही माहीत नव्हतं, आणि मीही बोलले नव्हते. कामात माझा हात फक्त पंपाच्या आकाराचं चित्र काढण्यापुरता होता. पेशींचे प्रयोग दुसऱ्या कुणाचे. मला वाटलं होतं, निकाल येईल तो येईल, स्वच्छ येईल. आता पेपर छापून आला की दाखल्यावरचा 'संशय' खोडला जाणार होता. मग उरणार होतं ते आत्याचं मत.

करवत विझली, डोकं सुरू झालं. डाव्या हाताला कोटाच्या खिशात कोंबून मी चालत निघाले. पाय थोडा ओढत होता, पण चालत होता. चालताना तोच विचार, गेले काही दिवस रोज येणारा: मला काय हवंय? शहाण्या आईनं लेकीत दोष नसावा असं म्हणावं. पेपर तेच तर म्हणतोय, बाई गं, तुमचा पंप उत्तम आहे, पेढे वाटा. आणि मी? मला तो मोडलेला निघायला हवा होता. हे कसलं मन आहे? आणि त्याहून वाईट म्हणजे, पंप खरंच धड असेल तर मग आई... इथं मी दरवेळी थांबायचे. मग ती दारात बसलेली बाई कोण होती? सुई टोचल्यावर खिडकीबाहेर बघणारी? मी पंपाचा अभ्यास निवडला तो ज्ञानासाठी, असं मी मुलाखतींत सांगत आले. थापा! मी तो घेतला आत्याशी भांडायला. आत्या गेली, बाबा गेले, भांडण काही संपलं नाही.

प्रयोग असा होता. माणसाच्या पेशीत तिचे स्वतःचे पंप असतातच, त्यामुळे आमचा बदललेला पंप चालतो की नाही हे सरळ कळत नाही. म्हणून तो बाहेरून पेशीत घालायचा, आणि घालण्याआधी त्याच्यात एक फेरफार करायचा, ज्यामुळे एका विशिष्ट विषाची त्याला बाधा होत नाही. ते विष एका झाडापासून मिळतं. पूर्वी शिकारी बाणाला लावायचे. मग पेशींना ते विष पाजायचं. पेशीचे स्वतःचे पंप बंद. आता जगायचं असेल तर आम्ही घातलेल्या पंपाच्या जिवावर. पंप चालला तर पेशी जगते, नाही चालला तर मरते. कपाळमोक्ष नाही तर जयजयकार, मधलं काही नाही. आमच्या बदललेल्या पंपाच्या पेशी जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, चांगल्या फोफावल्या. सर खूश. ज्यानं पेशी वाढवल्या तो संशोधक, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तोही खूश. गडी मेहनती आहे, खोटेपणा त्याच्या अंगात नाही. पेपर झरझर लिहून झाला: बदल निरुपद्रवी. मी चित्रं पाहिली तेव्हा मला त्या पेशी जरा बारीक वाटल्या. निमुळत्या. आपल्या पेशी थोराड असतात, एकमेकींना चिकटून बसतात. या सुट्या सुट्या, चपळ, टोकदार. मी लंबूला विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, विष पिऊन जगल्यात, थोड्या रोडावणारच ना." यावर मी हसले होते आणि गप्प बसले होते. हवं तेच दिसतंय तुला, मी स्वतःला म्हटलं होतं. घरचं दुखणं भिंगाखाली आणू नकोस.

पण आज सकाळी मी एका निरपराध माणसावर ओरडले होते, कारण माझाच हात मला परका वाटला होता. फार झालं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात; मग ज्याचं जळतंय त्यानं बोलायचंच नाही, हा कुठला नियम?

बैठकीची खोली नेहमीसारखी थंडगार होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर पेपरचं पहिलं पान. सर टेबलाच्या टोकाला, लंबू त्यांच्या शेजारी, बाकी चार-पाच जण. सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझा ओठ अजून बधिर होता, दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखा, आणि शब्द तोंडातून थोडे घसरत होते. मी कागद बाजूला ठेवला. "मला लंबूला एक विचारायचंय," मी म्हटलं. "ज्या पेशी जगल्या, त्यांना मधे सुट्टी आली तेव्हा खाणं कोणत्या बाटलीतून घातलंस?" इथं सांगायला हवं: पेशींचं खाणं म्हणजे एक गुलाबी पाणी असतं, आणि आमच्याकडे जुना दंडक आहे की प्रत्येक जातीच्या पेशींची बाटली वेगळी. माणसाच्या पेशींच्या बाटलीला निळी पट्टी, उंदराच्या पेशींच्या बाटलीला पिवळी. पाणी तेच असतं, पण एकीत गेलेली नळी चुकून दुसरीकडे पोचली तर बाटली उष्टी होते. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी दटावते, बाटली उष्टी करायची नाही. सगळे हसतात आणि लक्षात ठेवतात. लंबूनं डोकं खाजवलं. "निळी संपली होती मॅडम. सुट्टी होती, भांडार बंद. पिवळीतून घातलं एकदाच. पण नळी नवी घेतली होती मी, शप्पथ."

"नळी नवी होती. बाटली?"

 त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला त्याची दया आली. त्याला कळलं होतं. तिथं बसलेल्या सगळ्यांनाच कळलं होतं, कारण हे आमच्या धंद्यातलं बाळबोध आहे: त्या विषानं माणसाचा पंप बंद पडतो, उंदराचा पडत नाही. उंदराच्या पंपाला जन्मतःच त्या विषाचं काही वाटत नाही. पिवळ्या बाटलीत उंदराच्या चार पेशी जरी तरंगत असल्या, त्या आमच्या पेशी वाढवायच्या ताटलीत पडल्या असतील, आणि विष घातल्यावर माणसाच्या सगळ्या मेल्यावर मोकळ्या रानात त्यांनी राज्य केलं असेल. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. "सर," मी म्हटलं, "जगल्या त्या आपल्या कशावरून?"

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना घाई फार. "बाई," ते म्हणाले, "शंका तर कशावरही घेता येते. ज्या ताटल्यांत पंप घातलाच नव्हता, त्यांतल्या पेशी मेल्या होत्या, नाही का?"

"त्यांना खाणं निळीतून गेलं होतं," लंबू हळूच म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. गुणी आहे पोरगा.

"मला एक कळत नाही," सर म्हणाले, आता आवाज थोडा चढला होता. "इतके दिवस चित्रं तुमच्यासमोर होती. आज सही करायच्या दिवशी तुम्ही हे काढताय. हा बदल दोषी ठरावा असा तुमचा आग्रह का आहे?"

 मी उजव्या हातानं डावा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. बोटं तशीच पडली, जशी पडली तशी. कुणीतरी पाण्याची बाटली मागे घेतली, उगाचच. "कारण तो इथं आहे," मी म्हटलं. ओठामुळे 'इथं' नीट आलं नाही, म्हणून परत म्हटलं. "इथं. तो नमुन्याचा नंबर म्हणजे मी. माझी आई. माझी मुलगी. हा हात सकाळी गेला, संध्याकाळी येईल. आल्यावर तुम्ही म्हणाल गेलाच नव्हता. म्हणून आत्ताच बघून घ्या."

 मग सर म्हणाले, "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं. "म्हणजे तुम्ही या कामात निःपक्षपाती नाही." तेही बरोबर. "मग तुम्ही यात राहू शकत नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. नाही राहत. नाव काढा माझं. चित्रं ठेवा, ती चांगली आहेत," मी म्हटलं. डोकं फुटत होतं आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती. "पण माझं नाव काढल्यानं बाटली धुतली जात नाही. कोंबडं झाकलंत म्हणून उजाडायचं थांबत नाही, सर. प्रयोग परत करा. लंबूनं करावा. ताटल्यांवरची नावं झाका, कुठल्या ताटलीत काय ते त्यालाही कळू नये. मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. आणि स्वच्छ निळ्या बाटलीतून खाऊनही त्या जगल्या, तर मी स्वतः माझ्या डॉक्टरकडे जाईन आणि म्हणेन, खोडा तो संशय. मुलीच्या शाळेतही जाऊन सांगेन. पण उंदराच्या जिवावर माझ्या लेकीला नाटकी ठरवू देणार नाही. उंदराच्या! काही लाज आहे की नाही?" शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं माहीत नाही. बहुधा आत्याला. सर बराच वेळ त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी सह्यांचा कागद ओढून घेतला, दुमडला आणि आपल्या खिशात ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी शब्द पाळला. पेशींच्या खोलीच्या बोळातूनही गेले नाही, चहाला लांबच्या जिन्यानं जात होते. हात त्याच संध्याकाळी परत आला होता, ठरल्यासारखा. जगलेल्या जुन्या पेशींचा जीन लंबूनं वाचला तेव्हा त्यात नुसते उंदीरच होते. हे सगळ्यांना कळलं, आणि लोक माझ्याशी जपून बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसं. पण त्यानं काय सिद्ध झालं? एवढंच की पहिल्या ताटलीत आमच्या पंपाची परीक्षाच झाली नव्हती. खरी परीक्षा आत्ता चालू होती, त्या बंद दारामागे, आणि मी जाहीरपणे पैज लावून बसले होते. लेक संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता विचारायची, "आई, कळलं?" एकदा तिनं विचारलं, "आणि जगल्या तर गं?"

"तर जगल्या," मी म्हटलं.

"म्हणजे मला काही झालेलं नाही."

"म्हणजे या पंपात काही झालेलं नाही. मग दुसरीकडे शोधायचं."

"मोठ्या बाई नाही शोधत बसणार दुसरीकडे," ती म्हणाली. मग माझ्या शेजारी येऊन बसली, लहानपणी बसायची तशी खांद्याला खांदा लावून. "मला आजार हवाय असं नाही गं, आई. कुणाला हवा असेल? पण मी त्या दिवशी जमिनीवर पडले होते ना, तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं. मुलं हसत होती. आणि मला एक क्षण वाटलं, की खरंच मी नाटक करतेय का? उठायचं म्हटलं तर उठता येईल का? हे मला कुणीतरी शिकवलंय का?" मी तिचा हात धरला. डावा. तो घट्ट, गरम, जिवंत होता, आणि मला त्या क्षणी सगळ्या जगाचा संताप आला. माणसानं स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवावा यासाठी प्रयोगशाळेची परवानगी लागावी? आतल्या खोलीत आई रेडिओ ऐकत होती, मोठ्यानं, तिला हल्ली कमी ऐकू येतं. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. निकाल उलटा लागला तर तिला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

लंबू आला तो सकाळी, मी नुकतीच टेबलाशी येऊन बसले होते. दारातच थांबला, हात पुढे बांधून, मयताला आल्यासारखा. "मॅडम," तो म्हणाला, "नावं उघडली. सरांसमोरच उघडली." त्याचे डोळे लाल होते. "विषाचा तोच फेरफार केलेल्या, पण धड पंपाच्या पेशी मस्त वाढल्यात. तुमच्या..." तो अडखळला. "बदललेल्या पंपाच्या एकूण एक गेल्या, मॅडम. चारही ताटल्या. सगळ्या सुटून वर तरंगतायत. आय ॲम सॉरी." आणि तो खरंच दुःखी होता, कारण त्याला कळत होतं की त्यानं आत्ता मला, माझ्या म्हाताऱ्या आईला आणि माझ्या तरुण मुलीला जन्मभराचं दुखणं आहे असं सांगितलं. मी खुर्चीतून उठले. मला हसू आलं, आवरेनाच. शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. "मेल्या?" मी विचारलं. "हो," तो म्हणाला. "सगळ्या?" "सगळ्या." मी त्या लांबलचक माणसाला मिठी मारली, आणि तो खांबासारखा ताठ उभा राहिला, बिचाऱ्याला काय करावं कळेना.

लेकीला फोन केला तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत होती, मधली सुट्टी होती, मागे कपबशांचा आवाज. "मेल्या गं," मी म्हटलं.  मग तिचा आवाज आला, एकदम कोरडा, एकदम ताठ, "थांब. स्पीकरवर टाकते. मोठ्या बाई इथंच आहेत. परत सांग, मोठ्यानं." आणि मी बोळात उभी राहून सांगितलं. पंप मोडलेला आहे, आमच्या तिघींचा, त्यानं अंग जातं आणि परत येतं, आणि जातं तेव्हा खरंच जातं. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन ताटल्या बघाव्यात. मी बराच वेळ बोलत होते बहुतेक. मोठ्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. लेक मात्र रडत हसत होती, ते ऐकू आलं.

घरी लवकर गेले. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर उसवलेला परकर, शिवत होती. दोन्ही हात चालू होते. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले, चपला न काढता, आणि तिला सगळं सांगितलं. पंप, दोन दारं, मीठ, झाडाचं विष, उंदीर, पिवळी पट्टी, चार ताटल्या. कमी ऐकू येतं म्हणून ओरडून सांगितलं, घसा बसला. ती सुई न थांबवता ऐकत होती, मधूनच 'हं' म्हणत होती. सांगता सांगता मला इतकं भरून आलं की शेवटचं वाक्य मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवूनच म्हटलं, "आई, सिद्ध झालं. तू नाटक करत नव्हतीस."

आईनं दोरा दातानं तोडला. "मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "अंग माझं होतं."